सदृश एकही नाही

आकडेबाई म्हटलं की नव्या माणसाला वाटतं, ही बाई कुठंतरी आकडा लावत असणार. तसलं काही नाही. विभागीय आरोग्य कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला चिकटून एक अरुंद खोली आहे. तिथं बसून त्या गेली एकोणीस वर्षं लोकांचे खोकले मोजतात.

सत्तावीस दवाखाने त्यांच्याकडं. प्रत्येकानं दर सोमवारी कळवायचं, की गेल्या आठवड्यात ताप-खोकला घेऊन किती माणसं दारात आली. मंगळवारी बाईंनी त्याचा तक्ता करायचा. बुधवारी एक वाजता साहेबांनी तो तक्ता बघून गुरुवारी फिरतं पथक कुठं पाठवायचं ते ठरवायचं. पथक म्हणजे एक गाडी, एक डॉक्टर, एक परिचारिका, ऑक्सिजनची चार नळकांडी आणि फ्लूच्या गोळ्यांची खोकी. त्या गोळ्या पहिल्या दोन दिवसांत पोटात गेल्या तर गेल्या, नंतर त्यांचा फारसा उपयोग नाही. गाडी एकच, आणि हिवाळा सगळीकडं एकदमच येतो.

ऐकायला सोपं वाटतं. करून बघावं एकदा.

एका दवाखान्यातून आकड्याऐवजी ‘भरपूर’ असं यायचं. दुसऱ्यातून ‘नेहमीइतके’. गिरणीजवळचा एक डॉक्टर तर बारा महिने वीसच कळवायचा. उन्हाळ्यात वीस, हिवाळ्यात वीस. बाईंनी एकदा फोन करून खडसावलं, तर म्हणतो, “बाई, वीसच्या पुढं मला कंटाळा येतो.”

“अहो, मग विसाच्या आत तरी मोजता का?”

“विसाच्या आत असले तर मोजायचं कशाला? ते तोंडओळखीचेच असतात.”

असल्या माणसांशी बोलून बोलून बाईंच्या बोलण्याला एक धार आली होती, ती घरीही जात नसे. नवरा पुढच्या खोलीत शिवणयंत्रं दुरुस्त करतो. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, “आमच्या घरात शिंकायचं असेल तर बाहेर जाऊन शिंका, नाहीतर नोंद होते.” लेकीनं शाळा बुडवायला म्हणून कण्हायला सुरुवात केली, की बाई पर्समधून तापमापक काढणार, तिच्या काखेत घालणार, घड्याळाकडं बघणार, आणि म्हणणार, “अडतीसच्या खाली. ऊठ.” लेक आता कॉलेजात गेली तरी तिला या वाक्याचा राग आहे.

अडतीस हा बाईंचा लाडका आकडा होता. अडतीस किंवा त्याच्या वर ताप, सोबत खोकला, आणि आजार गेल्या दहा दिवसांतला. तिन्ही असेल तर मोजायचं, एक जरी नसलं तरी सोडायचं. यात डॉक्टराला काय वाटतं, शेजाऱ्याला काय वाटतं, याचा संबंध नाही. फ्लू आहे की आणखी काही, हे प्रयोगशाळा बघेल. आपण फक्त दारात आलेली माणसं मोजायची.

पूर्वी या रकान्याचं नाव साधंच होतं, ‘ताप-खोकला’. सात वर्षांपूर्वी साहेबांना ते खटकलं. “किराणा मालाच्या यादीसारखं वाटतं हो. जरा भारदस्त काहीतरी बघा.” बाईंनी दोन दिवस डोकं खाजवून नवीन नाव काढलं: ‘फ्लूसदृश आजाराचे रुग्ण’. साहेब खूष झाले. बाईही मनातून खूष झाल्या, खोटं कशाला सांगा. कागदाच्या मागच्या बाजूला त्यांनी अडतीस, खोकला, दहा दिवस असं सगळं बारीक अक्षरात छापून घेतलं होतं. पुढं तीन वर्षांपूर्वी कागद गेले आणि सगळं संगणकावर आलं. पडद्याला मागची बाजू नसते, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

तर त्या बुधवारची गोष्ट.

सकाळी साडेआठला बाई दारात बुटाची नाडी बांधत होत्या, तेवढ्यात आत्याचा फोन. आत्या म्हणजे बापाची थोरली बहीण. वय एकोणऐंशी. नदीच्या वरच्या अंगाला, लाकूड कापायच्या कारखान्याचं एक गाव आहे. तिथल्या वृद्धनिवासात खोली नंबर अकरामध्ये ती एकटी राहते. बाईंची आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्यांना वाढवलं.

“काय गं, जिवंत आहेस का?” आत्या म्हणाली. हा तिचा नेहमीचा नमस्कार. पण त्याच्यामागून खोकल्याची अशी उबळ आली, की बाईंनी नाडी तशीच सोडली.

“आत्या, खोकतेस किती!”

“मी एकटी खोकतेय होय? इथं सगळ्यांची भजनं चाललीत. एकोणीस जण अंथरुणात. शेजारच्या बाईला काल गाडीत घालून नेली, तोंड निळं पडलं होतं तिचं. पाववाला चार दिवस आला नाही, तोही पडलाय. शाळेत म्हणे बाई शिकवते आणि फळा ऐकतो. तू तिथं बसून करतेस काय गं? मोजतेस ना?”

“मोजते की.”

“मग आम्ही काय मोजण्याच्या लायकीचे नाही?”

वरच्या गावचा आकडा त्यांना तोंडपाठ होता. काल दुपारीच त्यांनी तो तक्त्यात भरला होता. निरंक. त्याच्या आधीच्या आठवड्यात निरंक. त्याच्याही आधी निरंक. त्यांनी मागच्या आठवड्यात फोनही केला होता, “खरंच कुणी नाही?” म्हणून. पलीकडून उत्तर आलं होतं, “निरंक म्हणजे निरंक, बाई.” डोंगरातलं गाव, साथ उशिरा पोचत असेल, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं.

“तुला ताप किती आहे?”

“ताप मेला नाहीच फारसा. अंग मात्र कुणीतरी मुसळानं कुटल्यासारखं झालंय.”

“बरं ऐक, पाणी पीत राहा, पडून राहा, आणि—”

“मला नको शिकवू. डॉक्टर पाठव.” आत्यानं फोन ठेवला.

कार्यालयात पोचेपर्यंत सव्वानऊ झाले. बाईंनी पर्स टेबलावर टाकली आणि वरच्या गावचा दवाखाना लावला. फोन कंपाउंडरनं उचलला. हा माणूस उन्हाळ्यात तिथं बदलून आलेला. आधीची परिचारिका निवृत्त झाली, तिच्या हातातलं काम याच्याकडं आलं. भाषेच्या बाबतीत फार कडक. डॉक्टरांनी चिठ्ठीत ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं तर औषध देण्याआधी दुरुस्त करतो. म्हणून त्याला सगळे शुद्धलेखन म्हणतात, तोंडावरसुद्धा.

“तुमच्याकडून तीन आठवडे निरंक आलंय,” बाई म्हणाल्या.

“बरोबर. आणि वेळेवर आलंय.”

“वेळेवर आलंय हो. पण गावात खोकतंय कोण?”

“सगळेच.”

“सगळेच म्हणजे?”

“म्हणजे सगळेच. मी स्वतः शुक्रवारपासून.” आणि पुरावा म्हणून तो खोकला.

“मग निरंक कसं काय कळवता?”

“तुम्ही विचारलंय काय?” शुद्धलेखननं शांतपणे विचारलं. “फ्लूसदृश. सदृश म्हणजे सारखा. वाघासारखा म्हणतो तेव्हा तो वाघ नसतो, बरोबर? वाघ असता तर वाघच म्हटलं असतं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक कागदावर स्वच्छ ‘फ्लू’ लिहिलंय. आमच्याकडं सगळे खरे फ्लूवाले आहेत. सदृश एकही नाही. मागच्या महिन्यात एक होता, त्याला दुसरंच काहीतरी निघालं. तो मी कळवला होता. एक.”

बाईंना आठवलं. एक आला होता खरा.

त्यांनी फोन कानापासून लांब धरला आणि समोरच्या भिंतीकडं नुसतं बघत राहिल्या. भिंतीवर सत्तावीस टाचण्यांचा नकाशा होता. वरच्या गावची टाचणी हिरवी होती. हिरवी म्हणजे निवांत.

“हॅलो?” फोनमधून आवाज आला.

“आहे. आहे मी. मरत नाही एवढ्यात. खरे फ्लूवाले किती, ते सांगा.”

“त्याला रकाना नाही.”

“रकाना नाही म्हणून माणसं नाहीत काय?”

“माणसं आहेत. रकाना नाही. मी शेऱ्यात तसं दोनदा लिहिलं होतं.”

बाईंनी संगणकावर वरच्या गावची ओळ उघडली. शेरा बघायचा तर ओळीच्या टोकाशी एक बारीक बाण आहे, तो दाबावा लागतो. एकोणीस वर्षांत ‘कळावे’ आणि ‘तरी योग्य ती कार्यवाही व्हावी’ याखेरीज शेऱ्यात कुणी काही लिहिलं नव्हतं, त्यामुळं तो बाण त्या कधीच दाबत नसत. आज दाबला. ‘फ्लूच्या रुग्णांसाठी स्वतंत्र रकाना असावा, ही नम्र विनंती.’ पुढच्या आठवड्यात तेच, आणि खाली एक ओळ जास्त: ‘संख्या मोठी आहे.’

तोंडात आलेली शिवी बाईंनी गिळली, कारण ती कुणाला द्यायची तेच ठरेना.

“हे बघा,” त्या म्हणाल्या, “तुमचं मराठी बरोबर आहे. माझं चुकलं. आता मी सांगते तसं मोजा. ताप अडतीस किंवा वर, सोबत खोकला, दहा दिवसांच्या आतला. डॉक्टरीणबाईंनी फ्लू लिहू दे नाहीतर हत्ती लिहू दे. तीनही आठवडे मोजा. मी फोनवर थांबते.”

“दारात रांग आहे.”

“रांगेला थोडं खोकू दे. एक वाजता यादी बंद होते. तुमचा आकडा आला नाही तर गाडी दुसरीकडं जाईल, आणि पुढच्या गुरुवारपर्यंत तुमच्या गावाला कुणी विचारणार नाही.”

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कागदांचा. आणि मग सुरू झालं ते असं, की बाईंचे नाकी नऊ आले. हा माणूस एकेक कागद मोठ्यानं वाचणार, शंका काढणार, निकाल घेणार आणि मगच पुढं जाणार.

“सदतीस पॉइंट नऊ.”

“सोडा.”

“अडतीस पॉइंट चार, खोकला, चार दिवस.”

“धरा.”

“एकोणचाळीस, पण खोकल्याचा उल्लेख नाही.”

“सोडा.”

“इथं लिहिलंय, ‘अडतीसच्या आसपास’. आसपास म्हणजे काय समजायचं?”

“तुम्हीच सांगा, भाषा तुमची.”

“आसपास म्हणजे अडतीससदृश,” शुद्धलेखन म्हणाला, आणि बाईंना हसू आलं ते रडण्याच्या इतकं जवळचं होतं, की त्यांनी ते खोकल्यात घालवलं.

साडेदहा. अकरा. मधे दोनदा तो रांगेतल्यांना औषध देऊन आला. मधे फोन तुटला. मधे डॉक्टरीणबाईंनी येऊन विचारलं, हे काय चाललंय, तर त्यानं “पुनर्मोजणी” असं उत्तर दिलं, ते बाईंना इकडं स्पष्ट ऐकू आलं. टेबलावर रेघांचे जुडगे वाढत चालले, चार उभ्या आणि एक आडवी.

“वृद्धनिवास, खोली अकरा,” तो वाचत होता. “वय एकोणऐंशी. खोकला आहे. अंगदुखी तीव्र. ताप सदतीस पॉइंट सहा.”

बाईंचा हात थांबला. म्हाताऱ्या माणसांना ताप कमीच चढतो. हे त्यांना माहीत होतं. एकोणीस वर्षांत शंभर वेळा वाचलं होतं. पण नियम नियमासारखा होता, आणि तो त्यांनीच सत्तावीस दवाखान्यांच्या डोक्यावर मारला होता.

“धरू का?” शुद्धलेखननं विचारलं. “बाई फार खोकत होत्या हो. मला म्हणाल्या, तुझ्या ‘कृपया थुंकू नये’च्या पाटीवर मी खोकेन.”

“सोडा,” बाई म्हणाल्या. “पुढचा.”

बारा वाजून दहा मिनिटांनी मोजणी संपली. तीन आठवड्यांचे तीन आकडे. बारा. तेहतीस. अठ्ठावन्न. बाईंनी ते कागदावर ठिपके देऊन मांडले आणि जोडले. ती रेघ कुठं चाललीय हे बघायला आरोग्य खात्यात नोकरी असायची गरज नव्हती. मग आकडे संगणकात भरले, तर त्यानं ती ओळ लाल करून टाकली.

“हे सगळं हातानं लिहा, खाली डॉक्टरीणबाईंची सही घ्या, आणि फोटो काढून पाठवा,” त्या म्हणाल्या. “लगेच.”

“वर शीर्षक काय देऊ? ‘शुद्धिपत्रक’ की ‘दुरुस्तीपत्रक’? अर्थात फरक आहे.”

“काहीही द्या हो! माझ्या नावानं शंख द्या, पण पाठवा!”

साहेबांच्या खोलीत बाई कागद घेऊन शिरल्या तेव्हा पावणेएक झाला होता. साहेब तसे वाईट माणूस नाहीत. फक्त यंत्रानं लाल दाखवलं, की त्यांना माणसापेक्षा यंत्राची बाजू पटते.

“शून्यावरून अठ्ठावन्न?” ते म्हणाले. “हे बघा, संगणकच म्हणतोय, संशयास्पद. असं कधी होतं का?”

“शून्य नव्हतंच ते. बारा, तेहतीस, अठ्ठावन्न असं होतं. फक्त त्यांनी सांगितलं नाही.”

“का सांगितलं नाही?”

“सदृशमुळं.”

सदृश काय आणि वाघ काय, हे समजावून सांगण्यात पाच मिनिटं गेली. साहेबांना मधे हसू आलं, मग आठवलं की ते नाव आपणच मंजूर केलंय, मग हसू गेलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“तुमची एक आत्या राहते ना त्या गावात?”

बाईंना वाटलंच होतं. “राहते.”

“मग उद्या कुणी म्हणालं, की बाईंनी घरच्या माणसासाठी गाडी वळवली, तर मी काय उत्तर देऊ?”

बाईंनी रेघांचे तीनही कागद टेबलावर पसरले. “यात शोधा तिला. नाहीये ती. तिचा ताप सदतीस पॉइंट सहा. मी सोडली तिला. माझ्या तोंडानं ‘सोडा’ म्हटलं, शुद्धलेखनला विचारा. आता तिला सोडूनही अठ्ठावन्न होत असतील, तर साहेब, मी काय करू? अठ्ठावन्न जणांना खोकू नका म्हणून सांगू?” आवाज चढलाय हे त्यांना कळत होतं, पण सकाळपासून साचलेलं सगळं त्याच आवाजातून बाहेर पडत होतं. “एकोणीस म्हातारी माणसं अंथरुणात आहेत. अजून तेवढीच अंथरुणाबाहेर आहेत, ती उद्या-परवा पडतील. गोळी त्यांना लागू पडेल. पुढच्या गुरुवारी नाही पडणार.”

फोन वाजला. वरच्या गावाहून फोटो आला होता. वर ठसठशीत अक्षरांत ‘दुरुस्तीपत्रक’, खाली तीन आकडे, सही, शिक्का, आणि अगदी शेवटी शेरा: ‘चूक आमच्या आकलनाची नसून शब्दाची आहे.’

साहेबांनी तो दोनदा वाचला. घड्याळ बघितलं. यादीत खाडीकाठच्या गावापुढं बरोबरची खूण होती, ती खोडली आणि वरच्या गावापुढं केली.

“खाडीकाठला तुम्हीच कळवा,” ते म्हणाले.

म्हणजे शिव्या खायचं कामही बाईंच्याच वाट्याला.

खाडीकाठची परिचारिका बत्तीस वर्षं नोकरीत. तिच्याकडून दर सोमवारी सकाळी सर्वांत आधी आकडा येतो, आणि त्यात आजवर बाईंना एक चूक सापडली नाही. या आठवड्यात तिनं एकेचाळीस कळवले होते. मंगळवारी बाईंनीच तिला म्हटलं होतं, गाडी बहुतेक तुमच्याकडंच येईल.

“बहुतेक म्हणजे नाही, असं आधी सांगायचं होतं,” परिचारिका म्हणाली. “मी बंदरावरच्या सगळ्या बायाबापड्यांना उद्या सकाळचं बोलावून ठेवलंय. आता त्यांना काय सांगू? वरच्या गावात कुणाची तरी आत्या राहते?”

बातमी इतक्या लवकर कुठून पोचली, कोण जाणे. या विभागात फ्लू उशिरा कळतो, बाकी सगळं लगेच.

“अठ्ठावन्न आहेत तिथं,” बाई म्हणाल्या.

“काल निरंक होते ना? मी तक्ता बघते, आंधळी नाही. तीन आठवडे झोपा काढायच्या आणि चौथ्या आठवड्यात गाडी न्यायची. आम्ही दर सोमवारी वेळेवर मोजायचं आणि बसायचं वाट बघत. वा! छान न्याय आहे.”

परिचारिकेचं सगळंच खरं होतं. चूक कुणाची, हे सांगायला गेलं तर पुन्हा वाघापासून सुरुवात करावी लागली असती, आणि त्यानं बंदरावरच्या एकाही माणसाची छाती मोकळी झाली नसती.

“दहा मिनिटं थांबा,” त्या म्हणाल्या.

“थांबतोच आहोत की.”

बाई जिना उतरून मागच्या अंगणात गेल्या. गाडीचा ड्रायव्हर चाकाची हवा बघत होता.

“उद्या किती वाजता निघणार?”

“नऊ.”

“सहाला निघा.”

“आकडेबाई, आता गाडीपण मोजायला लागलात होय?” ड्रायव्हर उठून उभा राहिला. “सहाला डॉक्टर उठत नाहीत.”

“डॉक्टरांना मी उठवते. सहाला निघालात तर नवाला वरच्या गावात. आधी वृद्धनिवास, मग कारखाना, मग दवाखाना. रात्री मुक्काम. परवा सकाळी उशीर न करता खाली उतरायचं, आणि घरी यायच्या आधी खाडीकाठ. जमेल?”

“कागदावर तसं लिहिलेलं नाही.”

“कागदावर काय लिहिलंय ते मला नका सांगू आज,” बाई इतक्या जोरात म्हणाल्या, की वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. “जमेल का, एवढं सांगा.”

ड्रायव्हरनं पाना पिशवीत टाकला. बोटांवर काहीतरी हिशेब केला. “गोळ्या दोन्हीकडं पुरतील एवढ्या घ्या. घाट उतरून तिथनं खाडीकाठ गाठायला पाच तास धरा. आठला निघालो तरी एक वाजेल.”

बाई परत वर आल्या, धापा टाकत. साहेबांकडून वेळापत्रकावर सही घेतली. साहेबांनी या वेळी काही विचारलं नाही. डॉक्टरांना फोन झाला, डॉक्टर कुरकुरले, तयार झाले. मग त्यांनी खाडीकाठ लावला.

“शुक्रवारी. दुपारी एक,” त्या म्हणाल्या. “गुरुवारचं शुक्रवार झालं. याच्यापेक्षा अलीकडं नाही येत. बोलावलेल्यांना तसं सांगा. आणि नव्यानं ज्यांना ताप येतोय ना, त्यांची वेगळी यादी करून ठेवा, गोळ्या आधी त्यांना. ताप मात्र मोजून लिहा.”



“आम्ही मोजूनच लिहितो हो,” परिचारिका म्हणाली आणि फोन ठेवला.

ते खरंच होतं. बाईंनी सत्तावीस नावांची यादी पुढं ओढली. खाडीकाठच्या नावापुढं काही विचारायची गरज नव्हती, ते सोडलं. वरच्या गावचं तर सकाळीच विचारून झालं होतं. उरलेल्या पंचवीस जणांना एकच प्रश्न विचारायचा होता, की बाबांनो, तुम्ही या शब्दाचा अर्थ काय घेताय. पहिलं नाव गिरणीजवळच्या डॉक्टरचं होतं. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, खुर्ची पुढं ओढली, आणि नंबर फिरवला.